रऊफची निळी टेप

अलेक्झांड्रिया, १५ ऑक्टोबर १९९८

अवातिफबाई,

बातमी तुला माझ्या पत्राआधीच कळली असणार. तिकडच्या वर्तमानपत्रातही म्हणे फोटो आला होता, तोच जुना, चौकड्यांच्या शर्टातला. रविवारी दुपारी गेला आपला रऊफ. दोन वर्षं मूत्रपिंडांनी छळलं होतं, पण चव्वेचाळीस हे काय जायचं वय आहे? आपल्याहून दोनच वर्षांनी मोठा.

मी दमलेय गं. तीन दिवस गल्लीत मांडव होता आणि तीन दिवस मी उम्म रऊफच्या स्वयंपाकघरात बिनसाखरेची कॉफी उकळत उभी होते. पाय सुजलेत. आता परत टपाल कचेरीत येऊन शिक्के मारतेय आणि मधूनच तुला लिहितेय. माणसं कुठून कुठून आली म्हणून सांगू! तांत्याहून आलेली एक बाई ज्याला त्याला सांगत होती की ‘खिडकी’ हे गाणं त्यानं तिच्यावर लिहिलं. तिच्या मागून कोणीतरी म्हणालं, “त्या खिडकीत आम्ही आधीच चौघी उभ्या आहोत, बाई, जरा सरकून घ्या.” रडता रडता हसू फुटलं. शौकी न्हावी आठवतो? रऊफसारखे केस वाढवून मिरवायचा तो? आता डोक्यावर एक केस नाही, पण कंगवा अजून खिशात असतो. तो लहान लेकरासारखा ओक्साबोक्शी रडला.

खरं सांगायचं ते पुढेच आहे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी टॅक्सीवाल्यांनी गल्लीच्या तोंडाशी गाड्या लावल्या आणि सगळ्यांनी एकदम त्याची गाणी सुरू केली. बिचाऱ्यांनी प्रेमानंच लावली होती. उम्म रऊफ खिडकीत आली. तिचा तो आवाज तुला माहीत आहे, बंदरातली बोटसुद्धा वळेल. “बंद करा!” म्हणाली. “माझं पोर तिकडे अल्लासमोर जाब द्यायला उभं आहे. तुम्ही इथं बटण दाबता आणि तिथं त्याला विचारतात, हे गाणं कुणाचं? तुमचा खरंच जीव असेल ना त्याच्यावर, तर टेपा पुसा. त्यावर कुराण भरून घ्या. झोपू द्या त्याला.”

एकेका गाडीतलं गाणं बंद झालं. दुसऱ्या दिवशी शौकी एकतीस टेपा पिशवीत घालून घेऊन आला आणि पुसायच्या कशा म्हणून मलाच विचारायला लागला.

बाजारातल्या टेपांची मला काळजी नाही. कंपन्या त्या आणखी हजारो काढतील. काळजी आहे ती आपल्या निळ्या टेपेची. ऐंशीच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या खोलीत त्यानं ‘येतो गं, येतो’ भरलं, तू आणि मी टाळ्या धरल्या (तुझी टाळी अर्धा ठोका मागे, ती तशीच आहे त्यात), आणि मध्येच जिन्यावरून त्याच्या आईची, आपल्या खालाची, हाक आली, “ए रऊऊफ! जेवण गार झालं!” आणि या पठ्ठ्यानं न थांबता त्याच सुरात उत्तर दिलं. पुढे कंपनीवाले म्हणाले, आईचा आवाज काढ आणि नव्यानं भर. तो म्हणाला, मग राहू दे. म्हणून ते गाणं साऱ्या जगात दोनच टेपांवर आहे, एक तुझ्याकडे आणि एक माझ्याकडे.

तू पुसणार नाहीस याची मला खात्री आहे. तू सख्ख्या आईचं कधी ऐकलं नाहीस, त्याच्या आईचं काय ऐकणार! माझंच काही खरं नाही. मी रोज तिच्या डोळ्यांसमोर असते.

तुझी,
इन्शिराह

कुवेत, १ नोव्हेंबर १९९८

इन्शिराह,

पत्र आलं. शाळेत शिवणाच्या तासाला वाचलं. मुलींना सांगितलं, डोळ्यात धागा गेला. त्या काही खुळ्या नाहीत, पण टाके घालत राहिल्या.

मला बातमी बहिणीनं त्याच दिवशी फोनवर सांगितली होती. खालाचं टेपांबद्दलचं बोलणंही तिनंच सांगितलं. त्यानंतर मला एक स्वप्न पडलं. रऊफ आमच्या जुन्या पाण्याच्या नळाशी उभा होता, ओठ कोरडे, आणि म्हणत होता, “अवातिफ, तहान लागलीय.” मी पेला शोधतेय आणि पेला सापडत नाही. फतहीला सांगितलं तर नवरोबा म्हणाले, संध्याकाळी लोणचं खाल्लं होतंस. पण मेलेलं माणूस स्वप्नात पाणी मागतं त्याचा अर्थ काय असतो, हे तुला मी सांगायला नको. मी दोन दिवस शाळेच्या दाराशी थंड पाण्याच्या बाटल्या वाटल्या त्याच्या नावानं.

टेपेचं विचारलंस. टेप माझ्या कपाटात आहे, हिरव्या रुमालात गुंडाळलेली. आणि तू कसली पुसतेस? शाळेत बाईंनी सांगितलं म्हणून कधी फळासुद्धा पुसला नाहीस. खालानं डोळे वटारले तरी तू तुझंच करशील. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, हे तुझं आधीपासूनचं.

मला इथे तसा काही त्रास नाही. पण सतरा वर्षं झाली, आणि गल्लीचा आवाज ऐकू येईल अशी इथे एक तीच टेप होती. खालाच्या हाकेमागे तो भाजीवाला ओरडतो ना, तोही मला पाठ होता. असो. चाळिसाव्या दिवशी माझ्या वतीनं तिच्या हाताचं चुंबन घे.

अवातिफ

अलेक्झांड्रिया, २४ नोव्हेंबर १९९८

अवातिफ,

चाळिसावा झाला. नेमकं त्याच आठवड्यात समुद्रावरून आपलं ते झाडूचं वादळ आलं, दरवर्षीसारखं, आणि यंदा खरंच सगळं झाडून नेलं. मांडव घालता आला नाही. माणसं जिन्यात उभी राहिली, ओल्या कोटांचा वास, खाली चिखल. वारा एवढा की खालाच्या घराचं दार सारखं आपटत होतं, पण ती कडी काही लावू देत नाही. कुणी उठलं की म्हणते, बस.

लोक गेल्यावर तिनं माझा हात धरला. म्हणाली, “पोरी, बाकीच्यांच्या पुसून झाल्या. तुझ्याकडे ती निळी आहे.” मी म्हटलं, खाला, त्यात काही वाईट नाही, त्यात तर तू आहेस. तर म्हणाली, “म्हणूनच सांगतेय. तो एकटा नाही त्यात, मीपण आहे.” आणि नुसता हात धरून बसली. अवातिफ, त्या हातानं मला भाकरीच्या कडा भरवल्यात. माझी आई वारली तेव्हा आठ दिवस मी त्याच घरात झोपले होते. नाही म्हणायला तोंड कुठून आणू?

पुसली मी.

सहज पुसली असं समजू नकोस. त्यानंच त्या टेपेचे मागचे दोन्ही दात मोडून दिले होते, कुणी चुकून वर काही भरू नये म्हणून. आठवतं ना, दातानंच मोडले होते, आणि म्हणाला होता, “आता हिला बापही पुसू शकत नाही.” त्या दोन भोकांवर मी दवाखान्यातली चिकटपट्टी लावली. एकदा पूर्ण ऐकलं. मग भरायचं बटण दाबलं, आणि कुराणातली अख्खी सूरह यासीन होईपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसले. नंतर ऐकून पाहिलं. काही उरलं नव्हतं, तुझी अर्धा ठोका मागची टाळीसुद्धा नाही.

तरी मन शांत होतं. का? तर तुझी आहे म्हणून. मी स्वतःला सारखं सांगत होते, तिकडे हिरव्या रुमालात दुसरी आहे. खालाची माया सांभाळली आणि गाणंही वाचलं. माझ्या आयुष्यात दोन दगडांवर पाय ठेवून न पडण्याची ही पहिलीच वेळ.

आता तू मला एक प्रत करून पाठव. घाई नाही. पण पाठव.

इन्शिराह

अलेक्झांड्रिया, २ जानेवारी १९९९

अवातिफ,

दीड महिना झाला, तुझं पत्र नाही. रमजान लागला, निम्मा संपलाही. आजारी आहेस का? का मी पुसली म्हणून रागावलीस? रागाव, पण लिही.

आमच्या कचेरीतल्या सामियाचा भाऊ ईदला तिकडून रजेवर येतोय. त्याच्याबरोबर प्रत दे. वर ‘शिवणाचे धडे’ असं लिही. आणि सावध राहा, खाला पाळत ठेवून आहे. दोनदा विचारून झालं, “कुवेतहून कुणी येतंय का? अवातिफ काही पाठवते का?” म्हातारीला संशय आलाय. मी म्हटलं, कुणी येत नाही, काही येत नाही.

इन्शिराह

कुवेत, १४ जानेवारी १९९९

इन्शिराह,

आजारी नाही. रागावलेही नाही. या पत्राचे तीन कागद फाडून झाले, हा चौथा.

माझ्याकडेही नाही.

मी पुसली ती तुझं पहिलं पत्र यायच्याही आधी. स्वप्न पडलं त्याच्या तिसऱ्या दिवशी. फतही कामावर गेला होता. पाण्याच्या बाटल्या वाटून झाल्या तरी रऊफचे ओठ कोरडेच दिसत होते मला. मी विचार केला, आपण इथे परक्या मुलखात बसून त्याचं गाणं ऐकायचं आणि त्यानं तिकडे तहानेलं उभं राहायचं, हे कुठलं प्रेम? कागदाचा बोळा करून भोकांत कोंबला आणि पुसून टाकली. रुमालात आहे ती कोरी टेप आहे. मी तुला खोटं लिहिलं नव्हतं, फक्त अर्धंच लिहिलं. लाज वाटली. तू मला ‘तू पुसणार नाहीस’ म्हणून लिहिलं होतंस, किती विश्वासानं, मग मी कशी सांगू की मीच आधी घाबरले?

आणि तेव्हा मला खरंच वाटलं होतं की काही बिघडलेलं नाही. इन्शिराह आहे ना. ती हट्टी आहे, ती मरेल पण पुसणार नाही. याच भरवशावर बटण दाबलं गं मी. नाहीतर माझी हिंमत होती का?

तुझं नोव्हेंबरचं पत्र आलं तेव्हा मी जेवायला बसले होते. ताट तसंच राहिलं. फतहीनं विचारलं, कोण गेलं? मी काय सांगणार, कोण गेलं.

शिव्या घाल. माझी ना नाही.

अवातिफ

अलेक्झांड्रिया, २७ जानेवारी १९९९

अवातिफ,

शिव्या घालायचीही ताकद नाही. ईदच्या दुसऱ्या दिवशी पत्र मिळालं. गोड खाल्लेलं तोंडातच कडू झालं. आमच्या मावशीच्या शेतावर म्हणायचे ना, भरवशाच्या म्हशीला टोणगा. तर बाई, ती म्हैस तूही आणि मीही. सगळी गल्ली आपल्याला आगाऊ म्हणायची, आणि आयुष्यात एकदाच शहाण्यासारखं वागलो, तेही दोघी एकाच वेळी.

तुझ्यावर राग आहे. माझ्यावर जास्त आहे. पण राग घेऊन बसले तर जे डोक्यात उरलंय तेही जाईल. कालच जिना चढताना चाल गुणगुणायला गेले तर मध्येच त्याचं दुसरंच गाणं सुरू झालं. घाबरले मी. म्हणून आठवतंय ते लिही. जसं आठवेल तसं, विचार न करता. मीही लिहिते.

मला पहिली ओळ पक्की आठवते: ‘पायरी पायरी मोजते आई.’ आणि शेवटी ‘येतो गं, येतो, खाली येतो.’ मधलं धुकं आहे.

इन्शिराह

कुवेत, ९ फेब्रुवारी १९९९

इन्शिराह,

तू शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं.

मी शिवणाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून काढलं. दुसरी ओळ मला आठवते: ‘भाकर गार, तरी हाक गरम.’ या ओळीवर तो हसला होता आणि तू त्याला म्हणाली होतीस, आधी भाकर खा, मग कविता कर. नंतर तिसरी ओळ. तिसऱ्या ओळीत दार होतं. दाराचं काहीतरी. ती ओळ तो हळू म्हणायचा, जवळजवळ बोलायचाच, आणि तिच्यावरच खालाची खरी हाक येऊन पडली होती, म्हणून मला हाक आठवते आणि ओळ आठवत नाही. तीन दिवस झाले, मी घरातलं प्रत्येक दार उघडून लावून बघतेय. फतहीला वाटतं, बिजागरीला तेल हवंय. त्यानं घातलंही.

सगळ्या गाण्याचा जीव त्या ओळीत होता, एवढं मला कळतं. तिच्याशिवाय बाकीचं नुसतं कुणीही लिहील असं वाटतं.

एकच माणूस उरलं, खाला. तिला विचारायची हिंमत तू करणार का? मी तिथं असते तरी केली नसती.

अवातिफ

अलेक्झांड्रिया, २२ फेब्रुवारी १९९९

अवातिफ,

गेले होते.

काल दुपारी गेले. खाला जमिनीवर बसून मसूर निवडत होती. किती बारीक झालीय, तुला ओळखू येणार नाही. मी तिच्या शेजारी बसले आणि ताट मांडीवर घेतलं. दोघी मिळून खडे काढू लागलो. मग तिनंच विचारलं, “कुवेतहून काही आलं?”

मी म्हटलं, झालं, आता पुरे. सांगून टाकलं. म्हटलं, खाला, संशय घेऊ नकोस. कुवेतहून काही येणार नाही. अवातिफनंही तिची टेप पुसली, माझ्याही आधी. आता कुठेच काही नाही. तू निश्चिंत राहा.

तिचे हात थांबले. “दोघींनी?” म्हणाली.

मी म्हटलं, हो, दोघींनी.

अवातिफ, मला वाटलं, आता दुवा देईल. तर काय म्हणाली? “मला वाटलं होतं, तुम्हा दोघींत एक तरी बेशरम निघेल.”

ती ताटातच बघून बोलत होती. “मी आई आहे. मला ते म्हणणं भाग होतं. उद्या मला तिकडे विचारतील, तू त्याच्यासाठी काय केलंस, तर मी सांगू शकते, मी सगळ्यांना सांगितलं. पण तुम्ही ऐकावं असं कुठं लिहिलं होतं? लहानपणी कधी ऐकलंत माझं? गच्चीवरून खाली या म्हटलं तर कधी आलात? आणि नेमकं आत्ताच ऐकायचं सुचलं!” मग ओढणीनं नाक पुसलं आणि म्हणाली, “मला वाटायचं, अवातिफ एखाद्या दिवशी घेऊन येईल. मी काही लावा म्हणाले नसते. तुम्ही माझ्यापासून लपवून शेजारच्या खोलीत लावली असतीत. मी भिंतीला टेकून बसले असते.”

म्हणजे ती पाळत नव्हती ठेवत गं. वाट बघत होती. आणि मी तिला दोनदा सांगितलं, कुणी येत नाही, काही येत नाही.

मी रडले, ती नाही रडली. मग मी पिशवीतून कागद काढला, तुझी एक ओळ, माझ्या दोन, आणि मधली रिकामी जागा. वाचून दाखवलं. म्हटलं, खाला, तिसरी ओळ सांग. दाराचं काहीतरी होतं. तिनं मान हलवली. “मला काय ठाऊक? तुम्ही वर होतात, मी खाली. मला नुसतं ठणठण ऐकू यायचं.” मी म्हटलं, आठवून बघ. म्हणाली, “नाही पोरी. गाण्यातलं मला काही कळत नाही. मी त्याला जेवायला बोलवायचे, बास.”

उठले. कागद घडी करून ठेवला. मसूर पातेल्यात ओतून दिले, तिच्या हाताचं चुंबन घेतलं, एकदा तुझं म्हणून, एकदा माझं. बाहेर पडले आणि सवयीनं दार ओढून घेत होते, तर आतून तिचा आवाज आला. सूर थेट तसाच, तोच चढ, तोच उतार, फक्त म्हातारा झालेला:

“दार लोटून ठेव, कडी लावू नको.”

मी जिन्यातच बसले. हीच ती ओळ, अवातिफ. अक्षर न् अक्षर हीच. लग्नांत गाऊन तो उशिरा घरी यायचा, तेव्हापासून ती घरातल्या प्रत्येकाला हेच सांगत आलीय, आणि अजून सांगतेय. त्यानं काही लिहिलंच नव्हतं, नुसतं तिचं बोलणं उचलून चालीत ठेवलं होतं.

वहीत लिहून घे. पेन्सिलनं नको, शाईनं लिही. मी दार लोटून आलेय.

तुझी,
इन्शिराह